सप्ताह गावाचा, पहारा आळीचा

वारकऱ्याच्या वर्षातल्या वाऱ्या चार: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी निघाले तरी पंढरीला पोचायला वीस दिवसांच्या आसपास लागतात. चारही वाऱ्यांचे आणि परतीचे दिवस कितीही सढळ हाताने मोजले, तरी वर्षाचे अडीचशे-तीनशे दिवस वारकरी वाटेवर नसतो. मग तो असतो कोठे? आपल्या घरी, आपल्या आळीत, आपल्या शेजाऱ्यांत. तेव्हा ज्या परमार्थाची परीक्षा वाळवंटात होते, त्याचा अभ्यास मात्र आळीतच व्हायचा असतो. प्रस्तुत पाठात आम्ही त्या अभ्यासाचा विचार करणार आहो. निमित्ताला ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याचे कशेळी गाव आणि त्याच्या आसपासची गावे घेतली आहेत. पण वाचकांनी आपापले गाव डोळ्यांपुढे ठेवून वाचावे.

१. गाव, खाडी आणि भात

ठाण्याकडून बाळकुम सोडले आणि खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर कशेळी लागते. पुढे काल्हेर, मग पूर्णा, मग अंजूरफाटा. ही खाडी म्हणजे उल्हास नदीच. कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती येथवर येते आणि पुढे वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. काठची जुनी वस्ती आगरी-कोळ्यांची. भात, मीठ आणि मासळी ही या मुलखाची तीन अन्ने होत.

ज्या मुलखाचे पोट भातावर, त्याचे सणही भाताच्याच वेळापत्रकाने चालतात, ही गोष्ट अभ्यासकाने प्रथम ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या आगेमागे रोप पेरायचे, आणि आषाढात चिखलात उभे राहून लावणी करायची. आता पाहा, आषाढी वारी नेमकी याच दिवसांत येते. देशावरचा शेतकरी पेरणी उरकून पालखीबरोबर निघतो; कोकणातला शेतकरी मात्र गुडघाभर चिखलात असतो. त्याची निष्ठा कमी म्हणून नव्हे, तर लावणीची वेळ चुकली की वर्षाचे अन्न चुकते म्हणून. अश्विन-कार्तिकात कापणी, मग झोडणी, आणि भात कणगीत पडले म्हणजे पाय मोकळे. म्हणूनच कोकणातली मंडळी कार्तिकीला, आळंदीला आणि विशेषतः माघीला मोठ्या संख्येने निघतात.

गावातले उत्सवही याच क्रमाने बसविलेले दिसतात. लावणी संपली की श्रावण. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, गोकुळाष्टमीला काला, भाद्रपदात गौरी-गणपती. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा. भात घरात आल्यावर मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत गावोगावचे हरिनाम सप्ताह. मध्ये फाल्गुनात शिमगा, तुकोबारायांची बीज, नाथांची षष्ठी. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची पालखी आणि याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीची यात्रा. एकूण काय, वाडवडिलांनी देवाचे दिवस ठरविताना शेताला आधी विचारले होते. परमार्थ करायचा तर प्रपंचाचे काम टाकून पळायचे नाही. काम आटोपून, हात धुऊन, मोकळ्या मनाने देवळात यायचे, ही शिकवण त्या वेळापत्रकातच आहे.

२. सप्ताहाची चार अंगे

सप्ताह म्हणजे केवळ सात कीर्तने नव्हेत. त्याची चार अंगे आहेत आणि प्रत्येक अंग आळीला काही तरी शिकविते.

पहिले अंग वीणा आणि पहारा. सप्ताह बसला की वीणा सात दिवस आणि सात रात्री खाली ठेवायचा नाही, नाम खंडू द्यायचे नाही. सात दिवसांचे तास एकशे अडुसष्ट. एक पहारा दोन तासांचा धरला तर चौऱ्याऐंशी पहारे होतात. वीणेकरी एक आणि टाळकरी दोन असे तिघे धरले, तर दोनशे बावन्न वेळा कोणाला तरी घरचे काम सोडून उभे राहावे लागते. ही संख्या ध्यानात ठेवा. सप्ताहाचा खर्च एक धनिक करू शकेल, कीर्तनकाराची बिदागी एक धनिक देऊ शकेल. पण हे पहारे एका माणसाने होत नाहीत. त्याला गावच लागतो. शिवाय दुपारचे पहारे सोपे. रात्री दहा ते पहाटे चार हे तीन पहारे कठीण. सात रात्रींचे मिळून ते एकवीस होतात. गावाचा सप्ताह कसा झाला हे मंडपाच्या शोभेवरून पाहू नये. ते एकवीस पहारे कोणी उभे केले ते विचारावे.

दुसरे अंग नित्यक्रम. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सांगितलेल्या त्या ग्रंथाचे अठरा अध्याय आणि नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत पुऱ्या करायच्या, तर रोज तेराशेच्या आसपास ओव्या वाचाव्या लागतात. एकट्याला हे जड जाते. व्यासपीठाबरोबर पन्नास जण एका सुरात बसले की अडखळणाऱ्यालाही ओघ ओढून नेतो. शेजारी बसलेल्याचे बोट पाहून ज्यांना ओळ सापडली, अशी कितीतरी माणसे आपल्यात आहेत.

तिसरे अंग पंगत. जुनी रीत अशी की घरटी शिधा यायचा, कोणाचे पायलीभर तांदूळ, कोणाची डाळ, कोणाचा गूळ, कोणाच्या वाडीतली केळीची पाने. आज वरची आळी, उद्या खालची आळी, असे दिवस वाटलेले असायचे. ज्याच्या घरचे तांदूळ त्याच्याच घरची माणसे वाढायला उभी. शिधा थोडा असो की फार, तो एकाच पातेल्यात पडला की भाताला मालक उरत नसे.

चौथे अंग काला. काल्याच्या कीर्तनानंतर दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून जो प्रसाद वाटतात, त्यात गोपाळांच्या शिदोऱ्यांची आठवण आहे. शिदोरी प्रत्येकाची निराळी, काला सर्वांचा एक. ज्याने सात दिवस पहारा दिला आणि जो सातव्या दिवशीच आला, दोघांच्या हातावर पडणारा घास सारखाच.

३. आजची अडचण

आता जे आहे ते उघड्या डोळ्यांनी पाहू या. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती तोवर तिच्या हद्दीबाहेर माल साठविणे व्यापाऱ्यांना सोईचे होते. जवळच मुंबई-नाशिक महामार्ग, आणि १९८९ पासून न्हावाशेव्याचे बंदर. त्यामुळे भिवंडी तालुक्यात जेथे भात डोलत होते तेथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे राहिली, वाढलीही. १८ डिसेंबर २०१८ रोजी ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली. तिच्या मार्गावर कशेळीच्या नावाचे स्थानकही योजिले गेले.

म्हणजे वेळापत्रक बदलले. पूर्वी आषाढात पाय बांधलेले असत ते लावणीने. आज ज्याची जमीन गेली त्याला लावणी नाही, तरी पाय बांधलेलेच आहेत. विचारले तर उत्तर येते, "बुवा, शिफ्ट आहे. रजा मिळत नाय." हे उत्तर खोटे नाही. शेत माघात मोकळे सोडायचे. गोदाम बारा महिने सोडत नाही. तेव्हा तरुणांना नुसता दोष देऊन भागणार नाही. वाडवडिलांनी देवाचे दिवस शेताला विचारून ठरविले, तसे आपणही आजच्या कामाला विचारून पहारे ठरविले पाहिजेत.

दुसरी अडचण पैशाची. जमिनीचा पैसा काही घरांत एकदम आला आणि पुष्कळ ठिकाणी असे झाले की सप्ताहाला एक यजमान मिळतो, जेवण कंत्राटाने येते, मंडप कंत्राटाने येतो, आणि आळीला करायला काही उरत नाही. जेवण पूर्वीपेक्षा चांगले असते, यात संशय नाही. पण ज्या आळीने तांदूळ निवडले नाहीत, चूल पेटविली नाही, पत्रावळी उचलल्या नाहीत, ती आळी पाहुणी म्हणून येते आणि पाहुणी म्हणून जाते. दात्याचा हेतू वाईट नसतो. मात्र सगळ्यांची सेवा एकाने विकत घेतली, तर बाकीच्यांची सेवा बुडते, हे त्याला कोणी तरी प्रेमाने सांगितले पाहिजे.

तिसरी अडचण शेजाऱ्याची. गोदामांबरोबर माणसे आली: हमाल, ड्रायव्हर, चौकीदार, पॅकिंग करणाऱ्या बाया. कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. ती चाळींत, खोल्यांत, नव्या इमारतींत राहतात. गावकरी त्यांना 'भाडोत्री' म्हणतो आणि भाड्याच्या तारखेपलीकडे ओळख जात नाही. आता गंमत बघा. मराठवाड्यातून आलेल्या त्या हमालाच्या गळ्यात कदाचित तुळशीची माळ असेल, त्याला हरिपाठ मुखोद्गत असेल, त्याच्या गावची दिंडी आषाढीला चालत असेल. आपल्या देवळात वीणेकरी मिळत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि वीणेकरी भिंतीपलीकडे भाड्याने राहतो!

४. पंगतीच्या बाहेर कोण?

येथे कोणी म्हणेल, "सप्ताह गावाचा आहे. बाहेरचा आला तर प्रसाद देऊ, पण त्याला पहाऱ्याला कशाला उभा करायचा?" या आक्षेपाचे उत्तर आपल्या संप्रदायाच्याच इतिहासात आहे.

चोखोबांना महाद्वाराच्या आत जाता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधविली. आजही आपण नामदेवांच्या पायरीला डोके टेकविण्यापूर्वी त्या समाधीपुढे येतो. पुढे कित्येक शतके गेली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी उपोषण केले. १ मे रोजी ते सुरू झाले आणि १० मे रोजी सुटले, तेव्हा विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडे होण्याची वाट मोकळी झाली. विचार करा, ज्या देवाला आपण मायबाप म्हणतो त्याच्या दारापुढे एका माणसाला दहा दिवस उपाशी बसावे लागले. संतांनी जे शिकविले होते ते आपण किती उशिरा शिकलो, याची ही नोंद आहे. आज दार उघडे आहे. पण पहाऱ्याच्या वहीत भाडोत्र्याचे नाव नसेल, तर एक लहानसे दार आपण पुन्हा लावूनच घेतले, असे म्हणावे लागते.

शेजारधर्म फक्त माळकऱ्यापुरता नाही, हेही या तालुक्याने मोठी किंमत देऊन शिकले आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत मोठमोठ्या पुढाऱ्यांपेक्षा त्या त्या आळीतली साधी हिंदू-मुसलमान माणसे घेतली, आणि ती नेमाने एकत्र बसू लागली. गटार, पाणी, मुलांची भांडणे असले विषय निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे कशामुळे? तोंडओळख होती म्हणून. अफवा दाराशी आली तेव्हा लोकांनी शेजारी जाऊन विचारले. पसायदानात माउलींनी मागितले ते भूतमात्रांचे परस्पर मैत्र. ते काही आभाळातून पडत नाही, अशा बैठकींतून उगवते. आपला सण शेजाऱ्याच्या दारापुढून जाताना त्याला भय वाटते की आनंद, हे दिंडीच्या चालकाने स्वतःला विचारावे.

५. पहाऱ्याची वही

आता करायचे काय ते थोडक्यात सांगतो. पुढील पाच गोष्टींना खर्च लागत नाही.

पहिली, पहाऱ्याची वही आळीवार करावी आणि सप्ताहाच्या महिनाभर आधी दारोदार न्यावी. घरमालकाच्या दारावरून परत न फिरता मागच्या खोल्यांपर्यंत जावे. नाव, कामाची वेळ आणि कोणता पहारा जमेल, एवढेच लिहावे.

दुसरी, पहारे शिफ्ट पाहून लावावेत. ज्याची पाळी रात्री अकराला सुटते तो घरी जाऊन लगेच झोपत नाहीच. मध्यरात्रीचा पहारा त्याला द्यावा. पहाटे कामावर निघणाऱ्याला चार ते सहाचा द्यावा. ते एकवीस कठीण पहारे बसविण्याची ही युक्ती आहे. ज्याला दिवसभर कोणी नावाने हाक मारीत नाही, त्याच्या हाती गावाचा वीणा दोन तास राहील, हे फळ निराळेच.

तिसरी, दात्याचा पैसा नाकारू नये, पण शिधा बंद करू नये. मूठभर का होईना, घरटी तांदूळ घ्यावेत. दात्याला मंडपाचे, दिव्यांचे, पुस्तकांचे काम द्यावे. चूल आळीकडेच ठेवावी.

चौथी, कर्णा आवरावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकते, एवढेच. याचा राग मानू नये. पहाटेचा काकडा आणि रात्रीचा जागर विनाकर्ण्याचा करून पाहा. ज्याला ऐकायचे तो उठून येईल. ज्याचे तान्हे मूल आजारी आहे किंवा जो रात्रपाळीहून आला आहे, तो देवाला दूषण देणार नाही. तुकोबांच्या कीर्तनाला कर्णा नव्हता, श्रोते होते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सप्ताह संपला की वही फेकू नये. याचे कारण नदी सांगेल. २६ जुलै २००५ रोजी महापूर आला तेव्हा उल्हासच्या काठची बदलापूर-कल्याणपासून भिवंडीपर्यंतची सखल वस्ती पाण्याखाली गेली. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पाण्यात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना नावांनी बाहेर काढावे लागले, आणि मदतीला आसपासचे गावकरीही धावले. अशा रात्री आळीत पहिला प्रश्न उठतो तो हा: खालच्या खोलीत कोण राहते? म्हातारी एकटी आहे की लेक आली आहे? चौकीदार घरी आहे की कामावर? ज्या गावाला हे ठाऊक, ते गाव अर्धे तरले. आणि ते ठाऊक असण्याचे साधन म्हणजे पहाऱ्याची वहीच. खोली, माणूस, कामाची वेळ, सारे तीत लिहिलेले. आषाढ लागण्यापूर्वी ती वही एकदा उघडावी, नावे पुन्हा पडताळावीत, आणि प्रत्येक सखल घरामागे वरच्या आळीतले एक घर लिहून ठेवावे. भर पावसात तेच घर त्याची धर्मशाळा.

कोणी म्हणेल, हा परमार्थ नव्हे, ही गावकी झाली. तर त्याला आम्ही विचारतो, नाथमहाराजांनी पितरांसाठी शिजविलेले अन्न दारच्या भुकेल्यांना घातले असे चरित्रकार सांगतात, ते काय होते? वीणा अखंड ठेवायचा म्हणजे एकाने दमून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. नाम अखंड राहते ते माणसांची साखळी अखंड राहते म्हणून. साखळीतली एक कडी आपण ओळखीचीच ठेवली नाही, तर नाम तेथेच तुटणार.

मननासाठी

१. आपल्या आळीत घरे किती, भाड्याच्या खोल्या किती, आणि त्यांतल्या किती माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

२. गेल्या सप्ताहात रात्री दहा ते पहाटे चारचे पहारे कोणी दिले? त्यांतल्या कोणाची विचारपूस आपण नंतर केली?

३. आपल्या घरचा शिधा देवळात शेवटचा केव्हा गेला?

४. आपल्या घराखाली सखल जागी कोण राहते, आणि पाणी चढले तर त्याने कोणाच्या दारी यावे हे त्याला सांगितले आहे काय?

या चार प्रश्नांची उत्तरे हरिपाठानंतर देवळातच, सर्वांनी मिळून काढावीत. एका बैठकीत निघाली नाहीत तर दुसऱ्या एकादशीला पुन्हा बसावे. वही मात्र कोरी घेऊन बसावे आणि पहिले नाव शेजाऱ्याचे लिहावे.

रामकृष्णहरि.